बहिरे फोन

"समदे फोन मुके असतात, अन् त्यातले निम्मे बहिरेबी," असं मामा म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा सरकला. त्यांच्याच गाळ्यात मोबाईलचं दुकान टाकून मला जेमतेम आठ दिवस झाले होते आणि हे गृहस्थ माझ्याच काउंटरवर कोपर टेकून, माझ्याच गिऱ्हाइकासमोर, माझ्याच मालाला मुका-बहिरा ठरवत होते. गिऱ्हाईक हसलं, फोन न घेताच गेलं. मी मनातल्या मनात मामांना चार शिव्या हासडल्या आणि वर तोंडाने म्हणालो, "बसा ना मामा, उभे काहून?"

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, स्टँडपासून थोडं पुढे त्यांचं घर. समोर गाळा, मागे मामा आणि मामी. मामा म्हणजे माझे सख्खे कोणी नव्हेत. मी जऊळक्याकडचा, रोज मोटरसायकलने दुकानावर यायचो. पण अख्खं मालेगाव त्यांना मामा म्हणत होतं, मीही म्हणू लागलो. टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. खांबावरच्या तारा उतरल्या, घराघरातले काळे फोन माळ्यावर गेले, मामाही रिटायर झाले. चढताना कमरेला बांधायचा पट्टा मात्र त्यांनी मागच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवला होता आणि मामी त्यावर ओले टॉवेल वाळत घालायच्या.

त्यांच्या भाषेत बहिरा फोन म्हणजे ज्यात रेडिओ लागत नाही तो. मुका म्हणजे ज्याच्यातून रेडिओ बाहेर पाठवता येत नाही तो.

"फोनवर तर आपण बोलतोच की मामा. मग मुका कसा?" मी एकदा विचारलं.

"ते टावरसंगं बोलते बाप्पा. टावरले त्याची बोली समजते, तुह्या घरच्या रेडिओले नाही समजत. रेडिओले समजन असं बोलनारा एक फोन मले या दुकानात दाखव. मिशी काढून ठेवतो तुह्या काउंटरवर."

मिशी शेवटपर्यंत शाबूत राहिली. एक काळीपिवळीचा ड्रायव्हर मात्र पैजेला उतरला होता. त्याच्या जीपमध्ये सिगारेट पेटवायच्या भोकात एक बोटभर यंत्र, त्याच्या भाषेत बोंडूक, खोचलेलं होतं आणि त्याच्या फोनवरचं गाणं जीपच्या रेडिओतून वाजत होतं. "हे पाहा मामा, माहा फोन बोलून राह्यला रेडिओसंगं!" मामा जीपमध्ये जाऊन बसले. बोंडूक उपटलं, गाणं बंद. बोंडूक खोचलं, गाणं चालू. असं त्यांनी चारदा केलं. मागे बारा-चौदा सीटं घामाने निथळत बसली होती, त्यांतली एक म्हातारी मामांच्या सात पिढ्या काढत होती. मामा ड्रायव्हरकडे वळले.

"मंग बोलून कोन राह्यलं?"

"बोंडूक," ड्रायव्हर पुटपुटला.

"अन् फोन?"

"मुका," असं म्हणून त्याने गिअर टाकला, तेव्हा कुठे मामा खाली उतरले.

तसा एक बोलका फोन आपण पाहिला आहे, असंही ते सांगायचे. फार मागे त्यांच्या कोण्या साहेबाने बाहेर देशातून आणला होता म्हणे. खोलीच्या या टोकाला फोन आणि त्या टोकाच्या रेडिओत त्याचं गाणं. आमचा कोणाचाच विश्वास बसायचा नाही, आणि मामाही त्यासाठी कोणाशी भांडत नसत. "एक होता. मी पाह्यला. मंग नाही दिसला," एवढंच म्हणायचे.

मुक्यांचा निकाल असा कायमचा लागलेला होता. बहिऱ्यांचं काम मात्र रोजचं. त्यासाठी मामांच्या सदऱ्याच्या खिशात एक हत्यार असायचं. जुन्या इअरफोनची तार, कानात घालायची दोन्ही बोंडं कापून टाकलेली, दोऱ्याच्या रिकाम्या रिळाला गुंडाळलेली. फोनमधल्या रेडिओला हवेतलं स्टेशन धरायला लांब तार लागते, आणि इअरफोनची वायर हीच ती तार, हे मला मोबाईलचं दुकान टाकूनही माहीत नव्हतं. मामांना होतं. गिऱ्हाइकाने फोन पसंत केला की मामा म्हणायचे, "थांब जरा." फोनमधून सिम काढायला लावायचे, म्हणजे रेडिओला सिम, नेट, रिचार्ज काही लागत नाही हे गिऱ्हाइकाला कळावं. मग तारेचं टोक भोकात घालायचे, रेडिओ उघडून स्पीकरवर टाकायचे, आणि रीळ उलगडून दुसरं टोक डोक्याच्या वर धरून उभे राहायचे. स्टेशन लागलं की, "ऐकते." नुसती खरखर आली की, "बहिरा." काही फोनांत तर तार घालायला भोकच नसायचं. ते हातात घेऊन मामा असा चेहरा करायचे, की गिऱ्हाइकानेच ओशाळून तो खाली ठेवावा.

"तार खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि मी? माझी जीभ तेव्हा तेल लावल्यासारखी चालायची. रेडिओ लागते का? लागते ना. पाण्यात पडला तर? काही होत नाही ना. गिऱ्हाइकाने विचारायच्या आत माझं 'लागते ना' तयार. खोटं बोलतोय असं मला वाटायचंही नाही, मी धंदा करत होतो.

मामांना गप्प करायला मी एकदा नेटवरचा रेडिओ लावून दाखवला. एक ॲप टाकलं, तेच स्टेशन, आवाज एकदम स्वच्छ. "घ्या मामा. तार नको, बोंडूक नको. आता कोणता फोन बहिरा?" मामा मागे गेले आणि मामींच्या स्वयंपाकघरातला रेडिओ उचलून घेऊन आले. मेथी निवडायचं सोडून मामी त्यांच्या मागोमाग. दोन्ही शेजारी ठेवून आम्ही सातच्या बातम्यांची वाट पाहत उभे राहिलो. मामींच्या रेडिओत सात वाजले. माझ्या फोनमधल्या बाई अजून जाहिरात वाचत होत्या. अर्ध्या मिनिटाने माझ्याकडे सात वाजले.

"हे उष्टं हाये," मामा म्हणाले. "कोनंतरी आधी ऐकलं, मंग तुह्याकडं पाठवलं. असं उष्टं मले नको."

"अन् माही मेथी?" मामी म्हणाल्या. "यायले मानसापरीस वायरी जास्त दिसतात. नवरी पाह्याले आले तवाबी आमच्या दारातला खांब पाहत होते."

हळूहळू एक गंमत झाली. मामांमुळे माझी गिऱ्हाइकं पळतील असं मला वाटत होतं, ती वाढली. वाशीममध्ये फोन पाहून ठेवायचा आणि घेण्याआधी मालेगावात मामांना विचारायचं, अशी आसपासच्या गावांत रीत पडली. शेतात रात्री जागलीला जाणारे, ढोरं चारणारे, जिनिंगवरचे चौकीदार, ज्यांना रिचार्ज परवडत नाही किंवा रेंजच मिळत नाही अशी सगळी माणसं यायची. मामा 'ऐकते' म्हणाले की डोळे झाकून फोन घ्यायची. माझ्याकडे कोणी वळूनही बघत नसे, मी फक्त डबा बांधून द्यायचो. मला त्याचा राग यायचा, आणि तो मी स्क्रीनगार्ड लावताना बुडबुड्यांवर काढायचो.

दसरा झाल्यावर ती बाई आली. तिचं सासर मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर, माहेर आमच्या जऊळक्याजवळ. सणाला भावाकडे आली होती, भावाच्याच मोटरसायकलवर मागे बसून दुकानात आली. नवऱ्याबरोबर दरसाल ऊसतोडीला जाणारी. तिला रेडिओवालाच फोन पाहिजे होता.

"रेडिओच कायले पाह्यजे, बाई?" मामांनी विचारलं. ते सगळ्यांनाच विचारायचे.

"उसाच्या फडात रेंज नाही राहत मामा. रिचार्ज संपला तर मारून कोन देते? मागल्या साली लहानसा रेडिओ होता, तो गाडीच्या चाकाखाली गेला." मग पदर सावरत म्हणाली, "मालक बोलत नाही अन् बैल बोलत नाही. सहा महिने कोनीतरी बोलाले पाह्यजे ना."

भाऊ हसला. ती हसली नाही. मामांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि खिशातून रीळ काढलं.

तिला झेपेल असा, रेडिओ असलेला एकच फोन माझ्याकडे होता. मामांनी तार घातली, हात वर केला. खरखर. दुकानाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. खरखर. टाचा उंचावल्या. खरखर. आत येऊन त्यांनी फोन हळूच खाली ठेवला.

"बहिरा हाये बाई. यात जीव नको अडकवू."

आता मी खरं सांगतो. तसाच फोन मी आधी चार-पाच जणांना विकला होता आणि त्यात रेडिओ लागतो हे मला चांगलं ठाऊक होतं. मी बोललोसुद्धा. "नाही हो मामा, यात लागते ना." पण दुकानातला इअरफोन लावून दाखवायचं मला सुचलं नाही, आणि बाईने माझ्याकडे पाहिलंच नाही. भावाने पाहिलं, ते असं, की हा दुकानदार आहे, हा असंच म्हणणार. उभ्या वर्षात प्रत्येक फोनला 'लागते ना' म्हटल्यावर माझ्या एका खऱ्या 'लागते'ला कोण विचारतो? ती बिनरेडिओचा साधा फोन घेऊन गेली. जाताना मामांना म्हणाली, "बरं झालं तुमी होते."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मामींचा इअरफोन उंदराने कुरतडला. सकाळची वेळ. मामी म्हणाल्या, तुमची तार लावून द्या जराशी. मामांनी मामींच्या फोनला आपली तार लावली. खरखर. मी दुकानाचं शटर वर करत होतो, मला ती खरखर समोर ऐकू आली. मी आत डोकावलो तर मामा पलंगावर बसलेले, एका हातात फोन, एका हातात रीळ.

"हिचा फोन बहिरा नाही," ते म्हणाले. "हिचा फोन रोज ऐकते."

माझ्या दुकानातला नवा कोरा इअरफोन मी आणून दिला. मामींच्या फोनवर स्टेशन खणखणीत लागलं. मामांनी ते लगेच बंद केलं. ब्लेडने आपल्या तारेचं रबर सोललं. पिनेपासून बोटभर अंतरावर आतली तांब्याची तार हिरवी पडून तुटलेली होती. रबर वरून शाबूत असल्यामुळे कोणाला दिसलं नव्हतं. रोज रिळाला गुंडाळून, उलगडून तिथेच ती काचली असणार.

मामा बोटं मोजू लागले. मागल्या आठवडी बाजारी एका गुराख्याचा फोन ऐकत होता, म्हणजे तोवर तार ठीक होती. त्यानंतर सात जणांना त्यांनी 'बहिरा' सांगितलं होतं. सातही जण त्यांना नाव-गावासकट आठवत होते.

"मामा, सोडा," मी म्हणालो. "कोणाला काय कळते? तार तुटली, तुमचा काय दोष?"

"तार माह्या खिशात होती."

"पण लोक हसतील तुम्हाला. पुन्हा कोणी विचारणार नाही." पोटातली खरी गोष्ट मी बोललो नाही. लोक मामांना विचारायचे बंद झाले, तर माझ्या दुकानात कोणी येणार नव्हतं.

मामांनी फोनच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मागल्या बाजारापासून मी ज्यांचे फोन बहिरे ठरवले त्यांनी परत यावे. चूक तारेची नाही, माझी आहे.' तो त्यांनी माझ्या शटरला बांधला. मी सोडून ठेवला. त्यांनी पुन्हा बांधला. "गाळा माहा हाये," म्हणाले. "दुकान माझं आहे," मी म्हणालो. वर्षभरात आमचं तेवढं एकच भांडण झालं, आणि पुठ्ठा तिथेच राहिला.

पण पुठ्ठा वाचून कोणी येईल याची वाट पाहत बसणारे मामा नव्हते. दोन दिवस ते पायी आणि एसटीने फिरत राहिले. सहा जणांच्या दारात जाऊन उभे राहिले. कोणी चहा दिला, कोणी "मामा, आता तुमचेच कान तपासा" म्हणून टाळी मागितली. एका मास्तरांनी तर रेडिओ लागत नाही म्हणून फोन सासऱ्याला देऊन टाकला होता, त्यांनी मामांना उन्हात उभं ठेवून दहा मिनिटं सुनावलं. मामांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर मामींनी पाय चेपायला घेतले, तेव्हा पाय मागे ओढून म्हणाले, "एक राह्यली हाये अजून."

बाईच्या भावाचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन लावला. तो म्हणाला, ती तर सासरी गेली, मुकादमाचा ट्रक उद्या सकाळी भरतो.

"भावाकडून निरोप द्या मामा," मी म्हणालो.

"ती माह्यासमोर हुबी होती, तवा मी नाही म्हनलं. आता मी तिच्यासमोर हुबा राहीन. तू गाडी काढतं का मी एसटीनं जाऊ?"

मी गाडी काढली. उजाडताच निघालो. तो फोन आणि नवा इअरफोन मामांच्या मांडीवर पिशवीत होते. निघण्याआधी त्यांनी मला रेडिओ लावायला सांगितला, स्वतः हात लावला नाही. रेडिओ लागला, आम्ही दोघांनी ऐकला. शेलूबाजार गेलं, मंगरूळ गेलं, मामांनी मागे पिशवीवरचा हात काढला नाही.

तांड्यावर पोचलो तेव्हा ट्रक भरून उभा होता. भांडी, बाजा, गोधड्या, कोंबड्या, त्यावर माणसं. ती वर एका गाठोड्यावर बसलेली. मामांनी खालून हाक मारली. तिने ओळखलं आणि घाबरली, एवढ्या लांब हे काहून आले म्हणून.

"बाई, मी चुकलो," मामा म्हणाले. सगळा ट्रक ऐकत होता. "तो फोन बहिरा नव्हता. माही तार तुटली होती. मले माहीत नव्हतं, पन माहीत असाले पाह्यजे होतं."

ती गाठोड्यावरून पुढे सरकली. मग म्हणाली, "मानोऱ्याच्या दुकानात तोच फोन दिसला होता मामा. तो म्हने, लागते रेडिओ. मी म्हनलं, आमच्या मामानं पाह्यला हाये, नाही लागत. भांडून आली त्याच्यासंगं."

मामांचा चेहरा मी पाहिला नाही, मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी पिशवी वर केली. तिने वाकून घेतली, त्यातला नवा फोन आणि आपला साधा फोन खाली माझ्या हातात दिले. सिम बदलून मी नवा तिला परत दिला, साधा ठेवून घेतला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"लावून पाह्य," मामा म्हणाले. "वायर घाल कानात. लागते का पाह्य."

"पाह्यचं काय त्यात? तुमी म्हनता ना, लागते."

"अवं, मागल्या बारीबी मीच म्हनलं होतं!" मामा ओरडले. त्यांना ओरडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "माह्यावर नको राहू. तुह्या कानानं ऐक!"

बाई हसली. "मागल्या बारी चुकले म्हनून तर इतक्या दुरून आले. आता नाही चुकत तुमी." तिने पिशवी गाठोड्यात खोल खुपसली आणि वरून गाठ मारली. ट्रक हलला. मामा चार पावलं त्याच्या मागे गेले, "पाह्यजो, पाह्यजो" म्हणत, मग धुळीत थांबले.

परतताना शेलूबाजारात चहाला थांबलो. मामांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून बसले. मग म्हणाले, "तिकडं लागन ना रे? फडात? कोनतं स्टेशन असन तिकडं?"

फोनबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. माझं 'लागते ना' दातापर्यंत आलं. म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटलं असतं, दोन घोट चहा तरी सुखाने प्याला असता. पण मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते शब्द मला बोलवेनात.

"मला माहीत नाही मामा."

मग कपातला अर्धा चहा त्यांनी बशीत ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

"हां," ते म्हणाले. "आता लोकायले तू सांगत जाय."

मी बशी दोन्ही हातांनी उचलली.